हवा पुढे, तार मागे

३ जून, सोमवार

आजपासून मी रेडिओ केंद्रात! ताईनं शब्द टाकला आणि नोकरी लागली. ताई दुपारच्या बातम्या वाचते आणि मी शेजारच्या खोलीत बसून मधल्या काचेतून तिच्यावर लक्ष ठेवते. लहानपणी ती माझ्यावर ठेवायची. आता फिट्टंफाट!

काम सोपं आहे. दोन स्पीकर. डाव्यावर लिहिलंय 'तार', त्यातून स्टुडिओतून निघालेला आवाज येतो. उजव्यावर 'हवा', म्हणजे मनोऱ्यावरून बाहेर पडलेला आणि गच्चीवरच्या अँटेनानं परत पकडलेला. लोक ऐकतात तो हाच. हवा कायम दोन सेकंद मागे असते. अर्ध्या अर्ध्या तासानं दोन्ही ऐकायचे आणि नोंदवहीत 'ठीक' लिहायचं. हवा दहा सेकंद गप्प झाली की माझ्या खोलीतला भोंगा वाजतो. साहेब, म्हणजे आमचे इंजिनिअर, म्हणाले की डुलकी लागली तरी भोंगा उठवतो. मी म्हटलं, मी घोरते, शांतता होणारच नाही. हसले नाहीत. रुक्ष माणूस.

६ जून, गुरुवार

आज उजव्या स्पीकरमध्ये ताई शिंकली. काचेपलीकडे मात्र ती मजेत वाचत होती. तीन सेकंदांनी शिंकली! हवा तारेच्या पुढे कशी जाईल? अजून बोललंच नाही ते परत कसं येईल?

साहेबांना सांगितलं तर म्हणे मी तारा उलटसुलट लावल्या असतील. मी? रंग बघून लावल्यात! चिडून पुन्हा तपासल्या. बरोबर होत्या.

१० जून, सोमवार

आता सात मिनिटं पुढे. हवेत ताईनं पुलाची लांबी चुकीची वाचली आणि 'माफ करा' म्हणाली. सात मिनिटांनी काचेपलीकडे तीच चूक, तसंच 'माफ करा'. 

साहेबांना ओढून आणलं. त्यांनी अँटेनाची केबल उपसून हातातच घेतली. उजवा स्पीकर बोलतच राहिला. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. नोंदवहीत 'ठीक' लिहा म्हणाले, केबल टेबलावर ठेवली आणि निघून गेले. मी 'ठीक' लिहिलं. लाज वाटली.

१२ जून, बुधवार

देवा. आज हवेत ताईनं उद्याची तारीख सांगितली.

तीन बातम्या नीट झाल्या. चौथीत शब्द अडकला. मग जाड गुणगुण, विजेची. दार आपटलं. मग माझा आवाज. माझाच! मी ओरडत होते, ताई, माइक सोड. त्यानंतर काही नाही. ना ती, ना मी. मग भोंगा. हा माझ्या खोलीतला, खरा. बंद केला.

संध्याकाळी ताईचे पाय धरले, उद्या जाऊ नकोस. आधी हसली, मग रागावली. अकरा वर्षांत एक बातमीपत्र चुकवलं नाही, तुझ्या खुळापायी चुकवू का म्हणाली. वर डोक्यावरून हात फिरवला. मग तर रडूच आवरेना.

१३ जून, सकाळ

वायरमननं सगळं तपासलं. दोष नाही म्हणतो. तरी भांडून नवा माइक बसवून घेतला. साहेबांना मेन स्विचपाशी उभं केलंय. गयावया केली तेव्हा तयार झाले.

आणि मी स्टुडिओत जाणार नाही. माझा आवाज तिथं गेलाच नाही, तर कालचं ऐकलेलं खरं होणार नाही. इतकंच हातात आहे. माझ्या दाराला मोठं टेबल लावलंय.

१३ जून, दुपार

हात कामात राहावेत म्हणून लिहितेय.

पहिली बातमी. ताईनं मला डोळा मारला. वेडी.

दुसरी. ती पान उलटतेय.

तिसरी. संपली.

चौथी—

थांबली. मूठ माइकवर. सुटत नाहीये. गुणगुण—

साहेबांना ओरडून सांगितलं. दिवे गेले. मेन बंद झालाय. गुणगुण चालूच. कशी? कशी?

खिडकीच्या उजेडात दिसतेय ती. माझ्याकडे बघतेय. नाही जायचं. गेले तर दोघीही—

नाही जायचं.

मला हाक मारतेय. आवाज नाही, पण ओठ कळतात मला.

टेबल जड आहे. सरकतंय. आले गं ताई, मी आ