मिस्टर व्ही. आर. यांचा अर्ज

डेटन, ओहायो
६ मार्च १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. नेल्डावहिनीची पाठ आता बरी आहे हे वाचून बरं वाटलं. बाबांचा खोकला मात्र तू दोन शब्दांत उरकलास, म्हणजे तो वाढला असणार. कोळशाच्या खाणीत बॉस झालास म्हणून बहिणीशी लपवाछपवी करू नकोस.

इथली बातमी चांगली नाही. आमच्या कारखान्यात फ्रिजच्या दारांचं काम बंद झालं आणि बाराजणींना घरी बसवलं. त्यात मीही. नवरा सोडून गेला तेव्हा मी रडले नव्हते, पण या वेळी ओपलसमोर रडू आलं. दहा वर्षांची पोर, तीच मला समजावत बसली.

तर आता ऐक, आणि हसू नकोस. चार नंबरच्या खाणीत माणसं घेताहेत असं तूच लिहिलं होतंस. सोबत अर्ज भरून पाठवते आहे, तो ऑफिसात दे. काही खाणींत बायका उतरायला लागल्या आहेत, पेपरात फोटो होता. दारं उचलून उचलून माझे दंड तुझ्यापेक्षा जाड झाले आहेत. आणि दादा, मला घरी यायचं आहे. अकरा वर्षं या शहरात राहून मला अजून कोणी रस्त्यात नावाने हाक मारत नाही.

लोभ आहेच, अर्ज आत गेला की वाढेल.
तुझी
व्हर्ली

स्लेट ब्रँच, वेस्ट व्हर्जिनिया
२८ मार्च १९७८

चि. व्हर्लीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अर्जाने इथे भलतीच गंमत केली. कारखान्याच्या सवयीने तू नाव लिहिलंस नुसतं व्ही. आर., पुढे माहेरचं स्टिल्टनर. मी काही न बोलता कागद खिडकीतून आत सरकवला. काल कारकुनाने मला थांबवलं आणि म्हणाला, तुझ्या भावाला सोमवारी पाठवून दे, स्टिल्टनरांचा मुलगा म्हटल्यावर क्रॅबट्रीसाहेबांनी विचारसुद्धा केला नाही, नाव पक्कं. मी आपली मान डोलावली. आता हा भाऊ कुठून पैदा करायचा, याचा मी आणि नेल्डा विचार करतो आहोत.

खरं सांगू का, तुला घेतील असं मला वाटत नाही. बाबा तर ऐकूनच घेत नाहीत. बाई खाणीत उतरली की छत खाली येतं, हे त्यांचं जन्माचं ठरलेलं आहे. पण तू ये. निदान चार दिवस आईच्या हातचा मक्याचा पाव खाशील. डोंगरात रानलसूण उगवली आहे. ती खाऊन ऑफिसात गेलीस तर साहेब वासानेच सही करून मोकळे होतील.

आईने ओपलला पापा सांगितला आहे. लोभ असावा, आणि येताना माझ्यासाठी तो डेटनचा तंबाखू.
तुझा
होबार्टदादा

डेटन
१४ एप्रिल १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरी असताना तुझ्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

मी खिडकीशी गेले तर कारकून माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला आणि भाऊ गाडीतच बसलाय का म्हणून विचारलं. व्ही. आर. मीच, म्हटल्यावर तो आत पळाला. क्रॅबट्रीसाहेब स्वतः बाहेर आले. ते एक शब्द वाईट बोलले नाहीत, तेच मला सलतंय. खुर्ची दिली, कॉफी दिली, बाबांच्या छातीची चौकशी केली. मग म्हणाले की बायकांसाठी वेगळं अंघोळघर नाही, तेव्हा त्यांचाही नाइलाज आहे, आणि तसंही शेवटची जागा शुक्रवारी भरली. मी उठले आणि त्यांचे आभार मानले. आभार, दादा. गाडीपर्यंत आल्यावर मला स्वतःचा इतका राग आला की किल्ली लागेना.

एवढंच कळव, जागा खरंच भरली होती का?

वहिनीला सांग, तिने दिलेला सफरचंदाचा मुरंबा ओपलने चमच्याने संपवला. तुमचा लोभ आहे म्हणून विचारायचं धाडस केलं.
व्हर्ली

स्लेट ब्रँच
९ मे १९७८

चि. व्हर्लीस,
अनेक आशीर्वाद.

किती दिवस तोंड फुगवून बसणार आहेस? जागा भरली नव्हती, हे तुलाही ठाऊक आहे. तू गेल्यावर चौघांना घेतलं. त्यातला एक तर नेल्डाचा मावसभाऊ डेनी, ज्याला पिठाचं पोतं उचललं की चक्कर येते.

तुला हसू यावं म्हणून एक सांगतो. परवा शिफ्टच्या आधी आम्ही सगळे टोपीवरचे दिवे घ्यायला जमलो होतो. क्रॅबट्रीसाहेबांनी तुझा अर्ज खिशातून काढला आणि मिस्टर व्ही. आर. म्हणत मोठ्याने वाचून दाखवला. मग म्हणाले की मी या खुर्चीत आहे तोवर खाली परकर उतरणार नाही, आणि कागद शेगडीत टाकला. वर मला विचारतात, तुझ्या या भावाला दाढीला कोणता साबण लागतो? आम्ही सगळे हसलो. तूही हस आणि सोडून दे. डेटनमध्ये काहीतरी मिळेलच.

बाबांना बरं आहे म्हणायचं. गेल्या आठवड्यात धाप लागली तेव्हा क्रॅबट्रीसाहेबांनी आपला ट्रक देऊन दवाखान्यात पोचवलं. माणूस मनाने वाईट नाही.

मोठ्या भावावरचा लोभ रागात आटू देऊ नकोस.
होबार्टदादा

डेटन
२ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी सोडून दिलं नाही. इतके दिवस लिहिलं नाही याचं कारण तेच.

इथल्या वाचनालयातल्या बाईंनी पुस्तक काढून दाखवलं, की आपल्या वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा आहे, केवळ बाई म्हणून कोणाला काम नाकारता येत नाही. तक्रारीची मुदत संपत आली होती, ती संपायच्या आत मी राजधानीत, चार्ल्सटनला, मानवी हक्क आयोगाकडे तक्रार धाडली. तिथल्या मिसेस टॉलिव्हर माझं प्रकरण बघतात. आता कंपनीचं उत्तर आलं आहे. त्यात लिहिलंय की चार नंबरच्या खाणीत आजवर एकाही बाईचा अर्ज आलेला नाही. एक बाई एकदा सहज येऊन कॉफी पिऊन गेली. कोणी बाई अर्ज करील तर कंपनी आनंदाने विचार करील.

आनंदाने, म्हणे. मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या, त्यांचा शब्द आणि तुझा शब्द एवढ्यावर हे टिकणार नाही, एखादा कागद आहे का बघ. नसेल तर त्यांना फाइल बंद करावी लागेल.

दादा, तुझं मे महिन्यातलं पत्र माझ्या बायबलात आहे. मी अजून कोणाला दाखवलेलं नाही. दाखवू का?

उत्तर लवकर दे. तुझ्या लोभावर विसंबून आहे.
व्हर्ली

स्लेट ब्रँच
७ सप्टेंबर १९७८

चि. व्हर्लीस,
आशीर्वाद.

दाखवू नकोस. हे वाचून झालं की ते पत्र चुलीत घाल.

तुला समजत नाही असं नाही, पण सांगतो. बॉस झालो तेव्हा कंपनीचा माणूस म्हणून मला युनियन सोडावी लागली. आता साहेबांनी उद्या येऊ नकोस म्हटलं तर माझ्यासाठी भांडायला एक माणूस उभा राहणार नाही. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. घराचे हप्ते आहेत, बाबांचा दवाखाना आहे. तू अकरा वर्षांपूर्वी इथून गेलीस, आम्हाला इथेच राहायचं आहे, त्याच माणसांत, त्याच चर्चमध्ये. आणि ते बहीणभावाचं पत्र होतं. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं, पाच अनोळखी माणसांनी टेबलावर पसरून वाचावं म्हणून नाही.

आई म्हणते, आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला. ती दोन दिवस नीट जेवलेली नाही.

लोभ ठेवणार असशील तर एवढं कर.
होबार्ट

डेटन
१ ऑक्टोबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार्ल्सटनला दिलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

जाळायला बसले होते. काडीही ओढली होती. मग म्हटलं, शेवटचं एकदा वाचू. साहेब काय बोलले त्याचं मला काही वाटलं नाही. ते तसंच बोलणार. पण तू लिहिलंयस, आम्ही सगळे हसलो. त्या सगळ्यांत तू होतास. तू गप्प उभा राहिलास एवढं जरी लिहिलं असतंस, तरी मी ते चुलीत घातलं असतं आणि डेटनमध्ये मरेपर्यंत भांडी घासली असती.

तुझं नाव झाकता येईल का, असं मी मिसेस टॉलिव्हरना दोनदा विचारलं. येत नाही म्हणाल्या. तुझं नुकसान होईल हे मला ठाऊक होतं आणि तरी मी दिलं. क्षमा मागत नाही, कारण चुकले असं मला वाटत नाही. पण तुझ्या घराचे हप्ते डोळ्यांपुढून हलत नाहीत, हेही खरं.

लोभ ठेव असं लिहायचा हक्क उरला की नाही, माहीत नाही. सवयीने लिहिते.
व्हर्ली

स्लेट ब्रँच
१९ फेब्रुवारी १९७९

सौ. नाही नि कुमारी नाही, त्या व्हर्लीस,
नेल्डाचा नमस्कार.

हे लिहितील म्हणून वाट पाहू नकोस. ऑक्टोबरनंतरची तुझी चार पत्रं फडताळात आहेत, फोडलेली नाहीत. मी लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही.

डिसेंबरात त्यांना काढलं. कागदावर कारण दुसरंच आहे, बॉस जास्त झाले म्हणे. सहा आठवडे घरी बसले. आता डोंगरापलीकडच्या खाणीत लागले आहेत, जायला दीड तास, यायला दीड तास, आणि काम कोळसा वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्याखाली सांडलेलं फावड्याने भरायचं, जे नव्या पोरांना देतात. ते चिडत नाहीत, आदळआपट करत नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. डेनी अजून कामावर आहे, चकरा येतात तरी.

मी कोणाच्या बाजूची, हे मला विचारू नकोस. मी बाई आहे आणि त्यांची बायकोही आहे. रात्रंदिवस दोघी माझ्यात भांडतात. तुझं प्रकरण मात्र आता अर्ध्यात टाकू नकोस. एवढं जळल्यावर तू मागे फिरलीस तर मी तुला कधीच क्षमा करणार नाही.

ओपलला लोभ. तुझा हिशेब वेगळा.
नेल्डा

स्लेट ब्रँच, ओढ्यापलीकडून
३० ऑगस्ट १९७९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं घर माझ्या खिडकीतून दिसतं आणि मी तुला पोस्टाने पत्र लिहिते आहे. तीनदा दारात येऊन गेले. तिन्ही वेळा तू मागच्या दाराने बाहेर पडलास, म्हणून हा मार्ग.

सुनावणीच्या आधीच कंपनी नमली. मला घ्यायचं लिहून दिलं आणि बायकांच्या अंघोळीसाठी पत्र्याची एक खोली उभी केली. तिला खिडकी ठेवायची विसरले आहेत. क्रॅबट्रीसाहेब मला आता मिस स्टिल्टनर म्हणतात. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण मी खोलीत आले तर उठूनही जात नाहीत.

मंगळवारी सकाळच्या शिफ्टला मी उतरणार आहे. जिंकले असं सगळे म्हणतात. पण दादा, मला भीती वाटते. छताची वाटते, अंधाराची वाटते, आणि खाली माझ्या बाजूचा एकही माणूस नाही याची सगळ्यात जास्त वाटते. ओपलला हे सांगता येत नाही. लहानपणापासून भीती वाटली की तुलाच सांगत आले, म्हणून सांगितलं.

हे पत्र तरी फोड.
व्हर्ली

स्लेट ब्रँच
१ सप्टेंबर १९७९

व्हर्ली,

पत्र फोडलं. आधीची फोडलेली नाहीत आणि पुढच्या दाराशीही मी इतक्यात येणार नाही. पण मंगळवारी तुला कोणी नीट सांगणार नाही, म्हणून लिहितो.

कुठेही उभं राहायच्या आधी लोखंडी पहार छताला ठोकून बघायची. खणखणीत वाजलं तर उभी राहा. फुटक्या मडक्यासारखं भद्द वाजलं तर मागे हो, वरून कोणीही काहीही हुकूम देवो. बाह्या घट्ट बांध, केस टोपीत घाल. पट्टा चालू असताना ओलांडायचा नाही. पुरुष ओलांडतात, तुलाही ओलांड म्हणतील. नाही ओलांडलास तर हसतील. हसू दे.

उंदीर दिसले तर मारू नकोस, भाकरीचा तुकडा टाक. ते पळायला लागले की तूही पळ, कारण विचारत थांबू नकोस.

जेवणाच्या डब्याला खाली पाण्याचा कप्पा असतो. कितीही तहान लागली तरी वर येईपर्यंत तो पुरता रिकामा करायचा नाही. अडकलीस तर तेवढंच पाणी असतं.

हे मला बाबांनी सांगितलं होतं. मी बॉस असताना हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढं सांगूनच खाली नेत असे. आता माझ्या हाताखाली कोणी नाही.

लोभाचं मग बघू. आधी रोज वर येत जा.
होबार्टदादा