उभ्या गाडीखाली पाणी

७ एप्रिल, सोमवार
मेले! गाडीखाली पाणी ठिबकलं आणि नेमकं यांनीच पाहिलं.

"प्रभा, होळीपासून गाडी जागची हलली नाही, मग खाली ओलं कसं?" मी म्हटलं, मांजर असेल. मांजर! चांगलं तांब्याभर पाणी होतं.

खरं काय ते इथंच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार? हे जेवून एक ते तीन घोरतात, तेवढ्यात मी गाडी शिकतेय. महेजबीन शिकवते. कोपऱ्यावरच्या हुसेनसाब मिस्त्रींची लेक, शाळेची व्हॅन चालवते, सकाळची शाळा सुटली की मोकळी. भर दुपारी शुक्रवार पेठेत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, रस्ता आमचाच! पण त्रेचाळीस डिग्रीत एसीशिवाय चालवणार कोण? आणि दारात आणून गाडी बंद केली तरी एसीचं पाणी ठिबकतच राहतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

८ एप्रिल
पुन्हा पाणी. हे म्हणाले, "नळाला चार दिवसांआड, आणि गाडीला रोज!"

११ एप्रिल, शुक्रवार
यांनी गाडीखाली परात ठेवली. पाणी एकीकडे, परात वीतभर दुसरीकडे! कोरडी परात बघून म्हणतात, "बघ, थांबलं." मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

आज होम मैदानावर रिव्हर्स शिकले. महेजबीन ओरडते, "काकू, क्लच हळू सोडा की! दूध उतू चाललंय का घरी?" पोरीला मोठ्यांचा धाक म्हणून नाही. पण जमलं मला! तीसेक वर्षांपूर्वी यांची स्कूटर मी रसाच्या गाड्यावर घातली होती. तेव्हापासून "तुझं काम नाही ते" ऐकतेय. परवान्याची परीक्षा पास झाले की ताटात पापड वाढावा तसा निकाल यांच्यापुढे वाढणार आहे.

१५ एप्रिल, मंगळवार
पुन्हा ओलं दिसलं, तसं यांनी हुसेनसाबना बोलावलं. ते वाकले, बोट ओलं केलं, वास घेतला, मग हळूच माझ्याकडे बघितलं. लेकीनं घरी सगळं सांगितलंय. आणि हा माणूस खोटं तर बोलणार नाही.

"पानी हाय साहेब. साधं पानी. गाडीला काय न्हाय झालं."

"पण येतंय कुठून?"

"वरनं," म्हणाले, आणि पाने-पकडी गोळा करून चालते झाले!

१६ एप्रिल
हे म्हणतात गाडी विकायची. का, तर गळते! मिस्त्रींनी सांगितलं की काही झालं नाही, तरी? "त्याला काय कळतंय!" वीस वर्षं ज्याच्या शब्दावर गाडी चालली, त्याला आता कळत नाही. बार्शीचं गिऱ्हाईकही ठरवलं, एकोणतीसला येतंय. माझी परीक्षा अठ्ठावीसला. गाडीच गेली तर तो परवाना काय चाटायचा? लई राग आला. आमटीत दुप्पट मीठ घातलं. मुकाट्यानं जेवले.

१९ एप्रिल, शनिवार
आज एसी बंद ठेवला. खाली कोरडं दिसलं म्हणजे विक्री टळेल, असा माझा डाव! काच उघडली की नुसती झळ. साडी अंगाला चिकटली. महेजबीन म्हणाली, "काकू, दोघींची भाकरी झाली बघा." घरी आलो, गाडीखाली ठणठणीत कोरडं.

हे चहा पिताना म्हणाले, "आज नाही, उद्या गळेल. विकायचीच." किती हट्टी असावं माणसानं!

२८ एप्रिल, सोमवार
पास! पास! पास! हे रिक्षानं बँकेत गेले, तेवढ्यात आम्ही गाडी काढली. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "मावशी, रिव्हर्स एकदम झकास." महेजबीन रडायलाच लागली, मग मीही. उद्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणार, गाडी विकायची नाही, मला लागते. यांचं तोंड बघायचंय मला!

२९ एप्रिल
गिऱ्हाईक यायच्या आधीच राहवेना, मोबाईलवरचा निकाल यांच्यापुढे धरला. यांनी तो डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत दिला. "तूच वाच."

वाचला. हे खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "मला नीट दिसत नाही गं, प्रभा. डॉक्टरांनी मार्चमध्येच गाडी बंद करायला सांगितलं. पुन्हा बोलावलं होतं, गेलोच नाही. तुला सांगायचा धीर होईना, म्हणून गळतीवर ढकललं."

आणि मी मेली रोज हसत होते.

गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हटलं. गाडीची किल्ली घेतली. हे सवयीनं उजव्या दाराशी गेले, थांबले, वळसा घालून डावीकडे येऊन बसले.

"चल," म्हणाले, "डॉक्टरांकडे ने मला."