विमानातली तिसरी सीट

रविवार, दिवे लागल्यावर

नात सई आज तिचा खेळ घेऊन बसली. कागद, फासे, नियमांचं पुस्तक. आपलं वाहन आपणच बनवायचं. तिला पाण्यावर उतरून बुडी मारणारं इमान पायजे. म्या वालचंदनगरला जन्मभर फिटर. म्हणलं, असलं इमान गळणारच.

"आबा, पुस्तकात चालतं. फक्त वजन वीसच्या वर न्हाय जायचं."

पंख, टाकी, पंप, दोन सीटा धरून एकोणीस झालं. म्हणली, बुडी कुठं मारायची? तोंडातनं गेलं, धरणात, आमच्या जुन्या गावावर. आन् म्या तिसरी सीट मांडली. वजन बावीस.

"आपण दोघंच की. तिसरं कोण?"

म्या ती सीट पेन्सिलीनं आणखी गडद केली. गाव उठलं तवा देव उचललं, जातं उचललं, गोठ्याची दारं सुदिक काढली. धाकटी बहीण सोनी तेवढी ऱ्हायली. तान्ही गेली म्हणून पुरलेली, बांधावर बोरीखाली. आई सारखी मागं बघत होती. मीच खेकसलो, "चल, गाडी थांबायची न्हाय."

ती तिसरी सीट काय डोळ्यापुढनं हलंना.

"आबा, सीट काढा, न्हायतर उडणार न्हाय."

"सीट ऱ्हाऊ दे. पंख काढ."

"पंखाबिगर इमान? येड लागलं का तुमाला?"

"मला कुठं उडायचंय?"

सईनं माझ्याकडं बघितलं आन् पंख खोडलं. वजन बसलं.