पट्टीखालचा रंग

१२ एप्रिल
ट्रॅक्टरचा तिसरा स्टार्टर जळाला! चावी फिरवली की टक् — पुढे शांतता. बुरुल वहिनीने दारातून विचारलं, "झाला का चालू?"
गेल्या वर्षी तिने हेच विचारलं होतं. स्टार्टर बिघडलेला, म्हणून ओसकोनदादा जमिनीवर उभा राहून त्याच्या टोकांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवत होता. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला होता. झाला चालू — आणि मागचं चाक दादावरून गेलं.

१३ एप्रिल
वर्गात खडू मोडला. तोच आवाज.

१५ एप्रिल, गुरुवार
वहिनीने बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळले. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणे. माझा विश्वास नाही. तरी दार उघडं ठेवलं.
दादाच्या वर्षाच्या जेवणाला नऊ दिवस उरले. कापायचा घोडा ठरलाय. बोलणार अर्थात मी. गावासमोर मेकॅनिक झापारचं नाव घेणार. पहिल्यापासून सगळे स्टार्टर त्याच्याच हातचे. 'निष्काळजीपणा हाही खूनच' — वाक्य तयार आहे.

१८ एप्रिल
वहिनीने झापारला बोलावलं! वर्षभर मी त्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नव्हतं. जळके स्टार्टर तेवढे त्याच्याकडे पाठवायचो. नांगरणी खोळंबलीय, म्हणून येऊ दिलं.
त्याने स्टार्टरला हातही लावला नाही. म्हणाला, "मास्तर, हा भाषणाने चालू होत नसतो. ती अ‍ॅक्सिलरेटरची तार धर." त्याने चावी फिरवली. तार तापून चटका बसला! म्हणजे बॅटरीची अर्थिंगची पट्टी सांगाड्याला नीट टेकत नाही. वीज या तारेसारख्या भलत्याच वाटेने परतते, स्टार्टरला पुरत नाही, आणि तो जळतो.
झापार वाकला. पट्टीपाशी बराच वेळ बघत राहिला. मग पाना माझ्या हातात दिला. "बोल्ट तूच सोड. मी कुणाला काही बोलणार नाही."

१९ एप्रिल
सोडला नाही.

२० एप्रिल
सोडला. पट्टीखाली निळा रंग. जाड, गुळगुळीत. रंगातून वीज जात नाही.
गेल्या वर्षी मार्चमध्ये, नवरोझच्या सणाला, कालव्याच्या पाण्यासाठी सभा घेतली. व्यासपीठ म्हणजे हाच ट्रॅक्टर. गंजक्या पत्र्यावर उभं राहून हक्काचं काय बोलायचं! म्हणून मी एकेक पट्टी काढून तो रंगवला, पट्ट्या पुन्हा आवळल्या. दादा हसला होता — "नवरी केलीस की रे याची."
पहिला स्टार्टर त्याच आठवड्यात गेला.

२२ एप्रिल
रंग खरवडला. पट्टी बसवली, झापारकडून दुरुस्त होऊन आलेला स्टार्टरही. पहिल्या चावीला चालू.
वहिनी धावत बाहेर आली, आणि माझ्याऐवजी चाकाकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "इतकं सोपं होतं?"


२४ एप्रिल
जेवण झालं. सगळं गाव होतं, झापारही. मी बोललो. वाक्य तेच ठेवलं. नाव फक्त माझं घेतलं.