दुसऱ्या ओळीला अडलेलं गाणं

खडकी
१२ ऑक्टोबर

प्रिय तनुजा,

पत्र पाहून दचकशील. खडकीहून धायरीला फोन लागतो, हे मलाही ठाऊक आहे. पण फोनवर मी फक्त सूचना देते, असं तूच म्हणतेस.

बातमी अशी, की आपल्या चर्चमध्ये लॅटिन परत येतंय. नवे फादर प्रज्ञेश, वय जेमतेम तेहेतीस, त्यांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सेच्या उपासनेत जुनं ग्रेगोरियन गायन सुरू करायचं ठरवलं आहे. पेटी नाही, तबला नाही, सगळ्यांचा मिळून एकच सूर. सभेत मी विचारलं, "शिकवणार कोण?" तर मागून सर्जेराव म्हणाले, "बाई, आधी हे सांगा, लॅटिनला हाकललं कोणी होतं?" सगळे हसले. मीही हसले. साठ माणसांसमोर दुसरं काय करणार?

तरुण मंडळी मोबाइलवर ऐकून शिकतात. त्यांच्यात पूर्वा म्हणून एक मुलगी आहे, गळा चांगला. मी तिला म्हटलं, श्वास चुकीच्या जागी घेतेस. ती म्हणाली, "आंटी, यूट्यूबवर असंच आहे." बरोबर जागा मला तरी कुठे माहीत? बाबा कुठे घ्यायचे, तेवढंच आठवत होतं.

फॅक्टरीतून सुटले की हातांना ग्रीसचा वास असतानाच ते कॉयरच्या सरावाला यायचे. रोमन अक्षरं न वाचता येणाऱ्या आठ-दहा कामगारांसाठी त्यांनी सगळं लॅटिन देवनागरीत उतरवलं होतं, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत. वर लाल पेन्सिलीच्या खुणा. एक रेघ म्हणजे थांबा, दोन म्हणजे श्वास. मधल्या बारीक गोलाचा अर्थ फक्त तुला माहीत होता. तू चौदा वर्षांची, त्यांच्या डाव्या हाताला उभी राहायचीस. मी एकवीस, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत आली म्हणून हरखलेली. तो आनंद खोटा नव्हता, हे आजही सांगते. आईला आयुष्यात पहिल्यांदा फादर काय म्हणतात ते कळत होतं.

आणि त्याच वर्षी आई गेली. शवपेटी कबरीकडे नेताना बाबांनी ते निरोपाचं लॅटिन गीत सुरू केलं, मागोमाग तू. दुसऱ्या ओळीला मी सगळ्यांदेखत म्हटलं, "बाबा, निदान आज तरी पोपटपंची नको. आईला यातलं काही कळत नव्हतं. तुम्हालाही कळत नाही." आणि मी मराठी गीत उचललं. लोक माझ्यामागे गायला लागले. बाबांचं तोंड क्षणभर तसंच उघडं राहिलं. त्यानंतर ते चर्चमध्ये गायले नाहीत. तूही नाहीस.

बाबा गेले तेव्हा तू ती वही मागितलीस. त्यांना तरी त्यांच्या गाण्याने निरोप देऊ, म्हणालीस. मी म्हटलं, घर बदलताना रद्दीत गेली. बाबांनाही आपण मराठी गीत गाऊनच पुरलं. तू ओठ मिटून उभी होतीस.

तनुजा, वही रद्दीत गेली नव्हती. त्या सकाळी मी ती ट्रंकेतून काढली होती, तुला द्यायलाच. सहज उघडली. प्रत्येक लॅटिन ओळीखाली बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेला. त्या निरोपाच्या गीतात एके ठिकाणी समासात लिहिलं होतं, "इथे लाझरसचं नाव येतं. गरिबाचं नाव आहे, सावकाश घ्या." पानावर तारीख १९६२ची. मी तेव्हा शाळेत होते. कोणा फादरांच्या मागे लागून त्यांनी शब्दन् शब्द समजून घेतला असणार. त्यांना सगळं कळत होतं. आईच्या कबरीपाशी त्यांनी मला उलट उत्तर दिलं नाही, एवढंच. वही दिली असती, तर ते तुलाही कळलं असतं. म्हणून खोटं बोलले.

वही सोबत पाठवते आहे. फादरांनी मागितली होती. मी म्हटलं, ती माझ्या बहिणीची आहे, तिला विचारा. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ते कबरस्तानात कबरींवर आशीर्वाद मागतील आणि पूर्वाचा गट गाईल. आई-बाबांच्या कबरीपाशी गाऊ नका, असं मी त्यांना बजावलं आहे. तिथलं गाणं अर्धं राहिलं आहे आणि ते पुढे नेणारी तू एकटीच उरली आहेस. क्षमा मागायला मी चाळीस वर्षं वर्गातल्या मुलांना शिकवलं, मला स्वतःला ती मागता येत नाही. हे पत्र त्या जागी धर. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण ये, आणि दुसऱ्या ओळीपासून पुढे गा. मी मागे उभी राहीन. या वेळी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
श्यामलाताई