झाकणाखालची साय

प्रिय दादा,

आईकडून तुझा निरोप मिळाला. संक्रांतीला घरी यायचं, तुझी माफी मागायची आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखं गॅरेजवर कामाला लागायचं. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

शाळेतल्या बाईंच्या, सुमनताईंच्या गाडीवरून तू मला गिऱ्हाइकांदेखत ‘आत जा’ म्हणालास, त्याला महिना झाला. बाईंची गाडी सतरा वर्षांची. घर ते शाळा दीड किलोमीटर, की लगेच बंद. थंडीत इंजिन तापायच्या आतच रस्ता संपतो. आत धरलेली वाफ उडून जात नाही, ऑईलमध्ये मिसळते आणि ऑईल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय जमते. ती साय बोटावर घेऊन तू म्हणालास, “ऑईलमध्ये पाणी शिरलंय, गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल, नाहीतर गाडी भंगारात घाला.” बाईंचा चेहरा उतरला. याच गाडीतून त्यांनी आपल्या यजमानांना, सरांना, वर्षभर डायलिसिसला नेलं होतं. मी बघितलं, तर रेडिएटरमधलं पाणी काठोकाठ, ऑईल मोजायच्या डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ. “ताई, इंजिनाला काही झालेलं नाही,” एवढंच मी म्हणाले. तू आत जा म्हणालास. मी बाहेर पडले.

त्या रविवारी सकाळी चाकणचा चौक मोकळा होता तेव्हाच मी बाईंना घेऊन राजगुरुनगरला जाऊन आले. इंजिन चांगलं तापलं. मग त्यांच्याच अंगणात झाकण पुसलं, ऑईल आणि फिल्टर बदलला. आता दर रविवारी बाई स्वतः लांब चक्कर मारतात. काल झाकण उघडलं, कोरडं होतं. पाणी थेंबभरही उतरलेलं नाही.

तुझी चूक झाली असती तर मी गप्प बसले असते, दादा. चूक कुणाचीही होते. पण अण्णा गेले त्या हिवाळ्यात दूधवाल्याच्या व्हॅनचं झाकण माझ्या हातात देऊन तूच म्हणाला होतास, “विजे, साय दिसली की आधी पाणी बघ. पाणी कमी होत नसेल तर इंजिनावर आळ घेऊ नको.” म्हणजे तुला माहीत होतं. हे मी आईला सांगितलेलं नाही. महिनाभर स्वतःलाही सांगत नव्हते.

माफी मी मागणार नाही. निघोज्याला कंपनीच्या रस्त्यावर पत्र्याची एक शेड घेतली आहे, पाटीवर माझं नाव आहे. हे पत्र एवढ्यासाठीच, की बुधवारी मी माझी पान्यांची पेटी न्यायला येते आहे. गिऱ्हाइकं असली तरी येणार. आणि का चाललीस असं कुणी विचारलं, तर खरं तेच सांगणार.

रागावलेली, तरी तुझीच,
विजयश्री