किटली किती खाते

४ जानेवारी
विजेचं बिल आलं. वाचलं. शांत राहिलो. (खुर्चीचा पाय आधीपासूनच ढिला होता.)

नवीन वर्षाचा संकल्प: राग सोडणे. मुळात मला राग येतच नाही, लोक आणतात. गोदामात मला मागून प्रेशर कुकर म्हणतात. कामाचं प्रेशर पेलतो म्हणून.

बिल कोणी वाढवलं हे शेंबड्या पोरालाही कळेल. इलेक्ट्रिक किटली! सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि हे यंत्र ओट्यावर ठाण मांडून बसलं. शेकायच्या पिशवीला गरम पाणी, प्यायला गरम पाणी, कवळी धुवायला कोमट पाणी. पाणी उकळलं की बटण उडतं, टक्‌. दिवसभर टक्‌, टक्‌. प्रत्येक वेळी कोणीतरी माझ्या खिशात हात घालतंय असं वाटतं.

६ जानेवारी
बायकोला नम्रपणे सांगितलं की किटली कमी वापर. त्याच वेळी कपाटाची काच फुटली, हा योगायोग. माझी मूठ तिथून जात होती.

सासूबाई आतून बोलल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, अजून सुटलेलं नाही. म्हणाल्या, जावईबापू, पंधराशे वॉटची किटली, चार मिनिटांत पाणी उकळतं, म्हणजे दहा वेळा लावली तर कुठे एक युनिट जळतं. मी म्हटलं, तुम्हाला कोणी विचारलंय? चप्पल फेकली. भिंतीवर. त्यांच्यावर नाही, याची नोंद व्हावी.

बायकोने मुठीला पट्टी बांधली. पटलं असावं.

९ जानेवारी
किटलीची खालची प्लेट माझ्या कपड्यांत लपवली. अहिंसक मार्ग. बायकोला सापडली. ती प्लेट तिकडे ओढतेय, मी इकडे. तिने एकदम सोडली आणि माझंच कोपर माझ्या नाकावर बसलं. शर्ट रक्ताने लाल. हे रक्त मी तिच्या खात्यात धरतो. मेली किटली ओट्यावर चकाकत होती. कोपऱ्यात दबा धरून बसलेल्या मांजरासारखी दिसते. आज ना उद्या नरडं दाबीन.

११ जानेवारी
मेहुणा आला. टेम्पो चालवतो, माल स्वतःच चढवतो-उतरवतो, त्यामुळे दंड मांडीएवढे आहेत. बहिणीचा आवाज फोनवर असा का येतो, विचारत होता. मी त्याला युनिटचा हिशेब समजावला. त्याने कॉलर धरली. मीही काही बांगड्या भरलेल्या नाहीत. टॉवेलचा रॉड भिंतीतून उपटला आणि त्याच्या पाठीत घातला. मग थोडा वेळ काय झालं ते नीट आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा सोफ्याखाली होतो आणि सासूबाई वरून, पुरे रे आता, म्हणत होत्या. कोणाला म्हणत होत्या ते कळलं नाही.

सामना बरोबरीत सुटला. माझा एक दात, त्याच्या शर्टाचं एक बटण.

१४ जानेवारी
बायकोने वायरमन बोलावला. त्याने किटली तपासली, म्हणाला हिच्यात काही दोष नाही. मग न सांगता बाथरूममध्ये घुसला. म्हणे गिझरचं ऑटोमॅटिक बिघडलंय, पाणी तापलं तरी तो वीज ओढतच राहतो, आणि तुम्ही तर बटण कधी बंदच करत नाही. गिझर मी निवडून आणलाय! कधीही नळ सोडला की गरम पाणी यावं, एवढीच माझी चैन. त्याच्यावर आरोप म्हणजे माझ्यावर आरोप. वायरमन स्टुलावर उभा होता. स्टुलाला लाथ मारली. गडी चपळ, उडी मारून वाचला. टेस्टर मी खिडकीतून भिरकावला. तो पैसे न मागताच पळाला. बचत झाली.

१९ जानेवारी, दुपार
शास्त्रीय प्रयोगाचा दिवस. किटली अखंड चालवायची आणि मीटर वाचायचा. पुराव्याने एकेकाचं तोंड बंद करायचं. अडचण एकच, ते टक्‌. म्हणून बटण चिकटपट्टीने दाबून बांधलं आणि खाली मीटरपाशी जाऊन लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत बसलो. मोजण्यात रंगून गेलो.

१९ जानेवारी, संध्याकाळ
डाव्या हाताने लिहितोय. किटलीतलं पाणी आटलं. मग वायर पेटली, मग पडदा. किंकाळी ऐकून वर धावलो. बायको मेन स्विच पाडून उशीने आग झोडपत होती. सासूबाई वॉकर ढकलत दाराकडे निघालेल्या. मी किटली उघड्या हाताने उचलली आणि खिडकीबाहेर फेकली. तळव्याचं कातडं तिच्याबरोबरच गेलं. ती माझ्याच स्कूटरवर आदळली.

तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली. आग विझलीय की नाही हे न बघता खाली उतरलो, वीट घेतली आणि तिला ठेचली. झाकण, दांडा, तोटी, सगळं. चपटी झाली तरी ठेचत होतो. अख्खी बिल्डिंग गॅलरीत. वर बघितलं तर बायको खिडकीत उभी. अर्धी भुवई जळलेली. ती किटलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. घाबरली होती. आगीला असेल.

२० जानेवारी
मेहुण्याचा टेम्पो आला. सासूबाईंना खुर्चीसकट खाली नेलं. बायकोने बॅग भरली. म्हणाली, अहो, तुम्ही माझ्या अंगाला कधी बोट लावलं नाहीत, मान्य. पण तुम्ही खोलीत आलात की आधी मी तुमच्या हातात काय आहे ते बघते. कित्येक वर्षं बघतेय. आता आईचीही खुर्ची तुमच्यापासून लांब सरकवते. मला नाही जगायचं असं.

यावर माझ्याकडे चोख उत्तर होतं. सुचेपर्यंत मी दारावर बुक्की मारली. बिजागरी निखळली. ती म्हणाली, हेच. आणि गेली.

२ फेब्रुवारी
घर कसं शांत. दार बंद होत नाही, बाकी उत्तम. या महिन्याचं बिल येऊ दे. आकडा बघून मायलेकी पाय धरायला येतील. मी लगेच माफ करणार नाही. दोन दिवस घेईन.

५ मार्च
बिल आलं. पूर्ण महिना किटली नाही, माणसं नाहीत, टीव्हीसुद्धा लावला नाही. एकट्याने बघवत नाही. बिल कमी झालंय. जितकं कमी झालंय, तितक्यात हाताला लावायच्या मलमाची एक ट्यूबसुद्धा येत नाही.

गिझर एकदा बघून जा म्हणायला वायरमनला फोन केला. त्याने आवाज ओळखून कट केला.

मग बायकोला केला. तिच्याशिवाय करमत नाही हे सांगायचं होतं, पण आधी मुद्द्याचं बोललो. मोठ्या मनाने कबूल केलं की किटली निर्दोष आहे, नवीन घेऊ, हव्या तितक्या वेळा लाव, आता घरी ये. ती अगदी हळू म्हणाली, मी किटलीसाठी गेलेच नव्हते.

मग कशासाठी गेलीस, हे विचारणार होतो. पण तिने फोन ठेवला.